एका सवयीची फाईल

माझं नाव शांत पाणघोडा. हे मी ठरवलेलं नाही. इंटरनेटवर एक कार्यक्रम आहे, मोबाईलवर नको ते व्हिडिओ बघण्याची सवय हाताबाहेर गेलेल्या माणसांसाठी. सहा आठवडे, सहा पायऱ्या, सगळं आपलं आपण करायचं. समोर डॉक्टर नाही, बुवा नाही, आणि मुख्य म्हणजे खरं नाव द्यायचं नाही. तिथलं यंत्र एक विशेषण आणि एक प्राणी जोडून तुमच्या पदरात टाकतं. माझ्या आधी कुणाला तरी 'धीट गरुड' मिळालं होतं. मला पाणघोडा मिळाला. बदलून मिळावा म्हणून मी रीतसर अर्ज केला, 'उपरोक्त विषयास अनुसरून' वगैरे लिहून. दोन मिनिटांत उत्तर आलं, "तुमच्या भावना महत्त्वाच्या आहेत, शांत पाणघोडा." मग मी तो विषय सोडून दिला.

मी एक्कावन्न वर्षांचा, पाणीमापक विभागात हेडक्लार्क. सव्वीस वर्षं नोकरी झाली. सरळ माणूस म्हणून माझा लौकिक आहे. लिफ्टमध्ये कुणी बाई आल्या तर मी छताकडे बघत उभा राहतो. आमची कचेरी सकाळची, सात ते अडीच. बायको रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते आणि मंगळवारी नि शुक्रवारी तिची दुपारची पाळी असते. मुलगी शिकायला बाहेर. म्हणजे आठवड्यातून दोन दिवस तीन ते आठ घर रिकामं, मी रिकामा आणि हातात मोबाईल. 'जरा बातम्या बघू' असं मी स्वतःला मोठ्याने सांगून बसायचो. गेल्या पाच वर्षांत मंगळवारी आणि शुक्रवारी जगात काय काय घडलं, ते मला आजही माहीत नाही.

हे दोन दिवसांपुरतंच राहिलं असतं तर मी कदाचित पाणघोडा झालोही नसतो. पण उरलेल्या पाच दिवसांत बायकोकडे सरळ बघणं मला जमेना. ती जवळ बसली की मला काहीतरी काम आठवायचं. एका रविवारी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करताच तिने विचारलं, "तुझं माझ्याशी काही बिनसलंय का? की तब्येतीचं काही आहे? असेल तर सांग, मी टेस्ट करून आणते."

मी म्हटलं, "पाठ दुखते."

दुसऱ्या दिवशी ती पाठीचा पट्टा घेऊन आली. ठणठणीत पाठीला तो पट्टा मी तीन आठवडे बांधला. म्हणजे तीच बांधून द्यायची, सकाळी साडेसहाला, कामाच्या घाईत, आणि विचारायची, "घट्ट नाही ना झाला?" त्या प्रश्नाने मला जितकी लाज वाटली तितकी उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. आपला नवरा आपल्याला कंटाळला, अशी या बाईची खात्री होण्याआधी खरं काय ते सांगायला हवं, हे मला कळत होतं. तोंड मात्र उघडत नव्हतं. म्हणून मी कार्यक्रमात नाव घातलं, म्हणजे पाणघोड्याचं.

पहिली पायरी सोपी होती. 'मला ही सवय आहे' असं लिहून बटण दाबायचं. बटण दाबायला मला चाळीस मिनिटं लागली. त्यानंतर पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडाले आणि "शाब्बास, शांत पाणघोडा!" असं आलं. मला ते जरा उथळ वाटलं. तरी मी तो पडदा दोनदा बघितला.

इथे आमच्या शेजाऱ्यांची ओळख करून द्यायला हवी. शाळेत ड्रिल शिकवून निवृत्त झालेले ड्रिलमास्तर. माझा चेहरा उतरलेला बघून त्यांनी मला जिन्यात अडवलं, तेव्हा मी गाफीलपणे बोलून गेलो, "एक सवय सोडतोय, त्यामुळे जरा..."

त्यांनी रहदारीच्या पोलिसासारखा हात वर केला. "कोणती ते सांगू नका. सवय कुठलीही असो, उपाय एकच. सकाळी गार पाण्यात गुडघ्यापर्यंत पाय, अकरा मिनिटं."

मी केलं. मला सर्दी झाली. दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा गाठलं. "फरक नाही? मग उपाय एकच. उलटं चालायचं. मेंदू गोंधळतो आणि सवय विसरतो." मी आमच्या मजल्यावरच्या बोळातून उलटा चाललो आणि समोरच्या दंतवैद्यांची कुंडी फोडली. दंतवैद्यांनी आधी कुंडीकडे आणि मग माझ्या दातांकडे बघितलं. त्या आठवड्यात माझ्यावर एकूण चार एकमेव उपाय झाले. चौथ्यात भिंतीकडे तोंड करून आकडे मोजायचे होते. नेमकी तेव्हाच बायको कामावरून आली. मी पाठीचा व्यायाम करतोय असं वाटून ती बिचारी पाऊल न वाजवता आत गेली.

दुसरी पायरी नोंदवहीची होती. 'रोज लिहा, शक्यतो कागदावर,' असं म्हटलं होतं आणि पाच रकाने आखून दिले होते. वेळ, ओढ किती, शून्य ते दहा, त्याआधी काय घडलं, मी काय केलं, शेरा. रकाने बघून मला त्या कार्यक्रमाविषयी पहिल्यांदा आदर वाटला. इतके दिवस भावना, श्वास, मन असलं ऐकून मी बुजलो होतो. रकाने भरणं हा आपला प्रांत.

प्रश्न होता वही ठेवायची कुठे. घरात बायको दर पंधरवड्याला सगळे खण आवरते. मी शांतपणे विचार केला आणि कचेरी निवडली. माझ्या टेबलावर वर्षानुवर्षं कागद उघडे पडलेले आहेत आणि त्यातला एकही कुणी वाचल्याचं माझ्या माहितीत नाही. म्हणून मी एक खाकी फाईल घेतली, दोरी ओवली आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'विषय : सवय निर्मूलन. दैनंदिन नोंदी व प्रगती.' आत आधी सहा पायऱ्यांसाठी एकेक पान लावलं, त्यामागे नोंदी, आणि नोंदींत मात्र सगळं खरं लिहायचं असं ठरवलं, कारण खोटं लिहिलं तर लिहिण्याचा काही उपयोग नाही, असं कार्यक्रमात बजावून सांगितलं होतं. उदाहरणार्थ, 'मंगळवार, दुपारी ३.१०. ओढ : ८. बायको कामावर. बातम्या बघतो असे स्वतःस सांगितले. बातम्या बघितल्या नाहीत. शेरा : खेदजनक.' किंवा, 'शुक्रवार, ३.४०. ओढ : ७. मोबाईल शेजाऱ्यांकडे ठेवण्यास दिला. शेजाऱ्यांनी नवीन उपाय सांगितला. ओढ : ९.'

दोन आठवड्यांत आठाचे सहा झाले, सहाचे पाच. मी खूश होतो. आणि त्या भरात माझ्या हातून ती चूक झाली, जी जगात फक्त आमच्याच लोकांच्या हातून होऊ शकते. प्रत्येक पानाखाली मी सही केली आणि तारीख घातली.

आता हे बाहेरच्याला समजायला अवघड आहे. आमच्याकडे पान भरलं की हात आपोआप खाली जातो. मी एकदा वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रावरही तारखेसह सही करून खाली 'पाहिले' असं लिहिलं होतं. आणि आमच्या शिपाईमामांचा नियम साधा आहे. टेबलावरच्या फाईलीत शेवटच्या पानावर सही असेल तर ती वर जाते. सही नसेल तर ती हलत नाही, मग तिला वीस वर्षं होऊ देत. मजकुराशी मामांना कर्तव्य नाही. त्यांनी नोकरीत एकही ओळ वाचलेली नाही आणि त्यामुळेच त्यांच्या हातून कधी चूक झालेली नाही.

गुरुवारी अकरा वाजता मी चहा पिऊन जागेवर आलो तर टेबल मोकळं.

"मामा, इथली खाकी फाईल?"

"गेली, भाऊसाहेब."

"कुठे?"

"वर."

"वर कशी गेली?"

"सही होती. तुमचीच होती, मी नीट बघितली," मामा म्हणाले. आपण काम चोख केल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

 आमच्याकडे वर म्हणजे आधी अधीक्षक, मग उपसंचालक, आणि शेवटी संचालक मॅडम. मी धावत अधीक्षकांकडे गेलो, तर फाईल पुढे सरकलेली. बारा वर्षं अडकलेल्या फाईली मला ठाऊक आहेत, आणि ही पाऊण तासात पुढे गेली. मी आवक-जावकच्या बाईंकडे जाऊन फाईल परत मागितली. त्यांनी मागणीचा फॉर्म दिला. कारणाच्या रकान्यात मी 'नजरचूक' लिहिलं.

"नजरचूक यादीत नाही," बाई म्हणाल्या. "यादीत तीनच कारणं आहेत. गहाळ, वाळवी, आणि पाण्याने भिजणे."

"मग ती गहाळ झालीये असं समजा."

"गहाळ कशी? उपसंचालकांच्या टेबलावर आहे की. मीच नोंद केली. फाईल भिजली की या."

शनिवार-रविवार कचेरी बंद. त्या दोन दिवसांत मी जेवलो किती आणि जेवलोय असं दाखवलं किती, याचा हिशोब नाही. शेवटी मी कार्यक्रमातल्या गप्पांच्या पानावर सगळं लिहून टाकलं. तिथे जगभरचे आपल्यासारखे लोक असतात, सगळे प्राणीच. 'माझी नोंदवही माझ्या साहेबांकडे मंजुरीसाठी गेली आहे,' असं मी लिहिलं. धीट गरुडाने राजीनामा देऊन गाव सोडायचा सल्ला दिला. गोड वटवाघूळ म्हणालं, खोल श्वास घे. कुणा चिंतातुर कासवाने विचारलं, 'मंजुरी मिळाली तर आम्हालाही नमुना पाठवाल का?' आणि एका मवाळ मुंगसाने लिहिलं, 'पाणघोडादादा, तुम्ही सतरा दिवस खरं लिहिलंत. मला तीन दिवसांच्या वर जमलेलं नाही. फाईलीचं काहीही होवो, ते सतरा दिवस कुणी काढून घेऊ शकत नाही.' मला कुणी माझ्या खऱ्या आडनावाने हाक मारून सांगितलं असतं तरी इतकं बरं वाटलं नसतं.

सोमवारी अधीक्षक व्हरांड्यात भेटले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. 

"तुमची फाईल पाहिली," ते म्हणाले. "सवय निर्मूलन. काळाची गरज आहे. छान काम करताय."

"वाचलीत साहेब?"

"पाहिली ना," ते म्हणाले आणि निघून गेले.

खरं सांगतो, सुटलो असं वाटण्याच्या आधी मला थोडं वाईटच वाटलं. माणूस सतरा दिवस काळीज काढून कागदावर ठेवतो आणि वरिष्ठ नुसतं पाहतात. पण वाईट वाटून घ्यायला फार वेळ मिळाला नाही, कारण मामा निरोप घेऊन आले. संचालक मॅडमनी बोलावलं होतं.

आमच्या संचालक मॅडम वाचतात. कचेरीत त्यांच्याबद्दल एवढी एकच तक्रार आहे. पाणीमापकाच्या काचेवरच्या भेगांचा चाळीस पानी अहवाल त्यांनी वाचला होता आणि एकतिसाव्या पानावरची बेरीज चुकल्याचं कळवलं होतं. मी आत गेलो तेव्हा ती खाकी फाईल त्यांच्यापुढे होती, मिटलेली.

"बसा," त्या म्हणाल्या.

त्यांच्यापुढे कुणी बसत नाही. मी बसलो, कारण तो आदेश होता.

"पहिल्या पानावरच मला कळलं की ही माझ्यासाठी नाही. तिथेच मिटायला हवी होती. पण वाचायची सवय. शेवटपर्यंत वाचली. त्याबद्दल मी तुमची माफी मागते."

साहेब लोक माफी मागताना मी कधी बघितलं नव्हतं. अशा वेळी काय म्हणायचं असतं ते माहीत नसल्याने मी "मंजूर" म्हणालो.

"कचेरीच्या वेळात, कचेरीच्या यंत्रावर असलं काही केलंत?"

"नाही मॅडम. कधीच नाही."

"नोंदींवरूनही तसंच दिसतं. मग हा माझा विषय नाही." त्यांनी फाईल उघडून पहिलं पान माझ्याकडे फिरवलं. अधीक्षकांनी वर लिहिलं होतं, 'प्रगती समाधानकारक. आलेख जोडावा.' त्याखाली उपसंचालकांनी लिहिलं होतं, 'सहमत. इतर विभागांतही लागू करता येईल काय, तपासावे.'

मॅडम हसल्या नाहीत, पण चष्मा पुसायला लागल्या आणि बराच वेळ पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "चौथ्या पायरीचं पान कोरं आहे. 'विश्वासाच्या माणसाला सांगणे.' का?"

"बायकोला सांगायचं आहे. तोंड होत नाही, मॅडम."

"ज्यांना सांगायचं नव्हतं त्या सगळ्यांच्या टेबलावरून हे जाऊन आलं. मी वाचूनही तुम्ही माझ्यापुढे नीट बसला आहात. आता राहिलं कोण?" त्यांनी पेन उचललं आणि दोन्ही शेऱ्यांखाली लिहिलं, 'सदर फाईल या कार्यालयाची नाही. ज्यांची आहे त्यांच्याकडे सादर करावी.'

मी सवयीने विचारलं, "मुदत, मॅडम?"

"सात दिवस," त्यांनी लिहिलं, आणि खाली सही केली.

शुक्रवारपर्यंत मी फाईल रोज पिशवीतून घरी नेली आणि पिशवीतून परत आणली, शनिवारी ती पिशवीतच राहिली. पण लेखी आदेश मोडायचं माझ्या रक्तातच नाही. सातव्या दिवशी, रविवारी सकाळी, बायको जेवणाच्या टेबलाशी बसून तिच्या बॅगेची चेन दुरुस्त करत होती. मी फाईल तिच्यापुढे ठेवली.

"काय आहे हे?"

"माझं आहे. तुला तोंडाने सांगता आलं नाही. वाच."

तिने चष्मा लावला आणि रिपोर्ट वाचतात तसं ओळीखाली बोट धरून वाचायला लागली. मी स्वयंपाकघरात जाऊन न गळणारा नळ तीनदा घट्ट केला. अर्ध्या तासाने तिने हाक मारली.

"म्हणजे पाठ दुखत नव्हती."

"नाही."

"तीन आठवडे पट्टा बांधला मी तुला."

"हो."

"आणि हे लाल शाईत काय? हे कोण? 'आलेख जोडावा'?" मी सगळी हकिगत सांगितली. तिचा आवाज चढला. "म्हणजे तुझ्या अधीक्षकांना कळलं, उपसंचालकांना कळलं, मॅडमना कळलं, आणि मी चौथी?"

"पहिल्या दोघांनी वाचलं नाही."

"म्हणजे दुसरी. तेवीस वर्षं संसार करून मी दुसरी." मग तिने चष्मा काढला आणि तिला रडू आलं. "मला वाटत होतं, तुला मी नकोशी झालेय. केस कापून आले, नवीन चष्मा केला, तुझ्या लक्षातसुद्धा आलं नाही."

"आलं होतं," मी म्हटलं. "छान दिसत होतीस. पण बोलायला लागलो असतो तर सगळंच बाहेर पडलं असतं, म्हणून गप्प बसलो. तू मला कधीच नकोशी नव्हतीस. मीच मला नकोसा झालो होतो."

ती बॅगेची चेन तशीच अर्धी टाकून आत गेली. मलाही रडू आलं, आणि ते थांबवायचा मी प्रयत्न केला नाही.

पुढचे नऊ दिवस घरात कामापुरतं बोलणं होतं. 'दूध आणलंस का', 'किल्ली कुठेय', एवढंच. ती माझ्यावर रागावली होती आणि तो राग तिच्या हक्काचा होता. गंमत म्हणजे मला त्या नऊ दिवसांत पूर्वीपेक्षा हलकं वाटत होतं. नोंदी मी लिहीत होतो, आता घरीच, उघड्यावर, टेबलावर. मधल्या शुक्रवारी पाय घसरला, तेही लिहिलं. प्राण्यांना सांगितलं तर मुंगसाने लिहिलं, 'लपवलं नाहीत ना? मग पुढे चला.' चौथ्या पायरीचं बटण दाबलं तेव्हा पुन्हा रंगीत तुकडे उडाले. त्या वेळी ते मला मुळीच उथळ वाटले नाहीत.

मग मंगळवार आला. मी तीन वाजता घरी पोचलो, कुलपाला किल्ली लावायला गेलो, तर दार आतून उघडलं. समोर बायको, घरातल्या कपड्यांत, केस पुसत.

"तुझी दुपारची पाळी?"

"बदलून घेतली. मंगळवारची. कायमची."

माझा स्वाभिमान डिवचला गेला. एवढं सगळं खरं सांगून, रकाने भरून, शेवटी घरात पहारेकरी. मी बूट काढता काढता म्हणालो, "पहाऱ्याला थांबली असशील तर मी काही लहान पोर नाही."

"पहारा करायला मला वेळ नाही," ती म्हणाली. "तुझं तू बघ. तुझ्या फाईलीत लिहिलंय, मंगळवारी तीन ते आठ तू रिकामा असतोस. पाच वर्षं मी समजत होते की तुला माझ्यासाठी वेळच नसतो."

मी एक बूट हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

"बस आता," ती खुर्ची ओढत म्हणाली. "मला खूप बोलायचंय."

मी बसलो. ती आठ वाजेपर्यंत बोलली. निम्मं माझ्याविरुद्ध होतं, निम्मं प्रयोगशाळेतल्या नव्या यंत्राविरुद्ध, आणि मला कितीतरी वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.